गोठ्याचा फोटो कशासाठी?

(मंडळाच्या श्रावणातील बैठकीत केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सर्वांनी मिळून ठरविले होते की, यंदाच्या स्मरणिकेत पाककृती व उखाणे यांच्या जोडीला आपल्या भागातील जुने गोठे, आखाडे आणि माळवदे यांचे फोटो छापावयाचे. हे काम आम्हा चौघींवर सोपविले गेले. अर्धापूर, दाभड, मालेगाव, लहान, कामठा, येळेगाव अशा गावांतून आम्ही हिंडलो. कधी काळीपिवळीने, कधी पायी, तर कधी कोणाच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. एकंदर २१ ठिकाणचे फोटो झाले आहेत. ते स्मरणिकेत आपण पाहालच. परंतु जेथे जावे तेथे आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला, "अहो बाई, गोठ्याचा फोटो कशासाठी?" उन्हात उभे राहून त्याचे उत्तर देता येत नव्हते. म्हणून आज अध्यक्षबाईंनी बोलावयास सांगितले तेव्हा मी हाच विषय घेतला.

पहिल्यांदा आखाडा म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या मुली लग्न होऊन पुण्या-मुंबईकडे जातात आणि तिकडे आखाडा म्हटले की लोकांना कुस्ती आठवते. आपल्या नांदेड, परभणी, हिंगोलीकडे आखाडा म्हणजे शेतातले बिऱ्हाड. तेथे बैलांची दावण, गव्हाण, कडब्याची गंजी, औते-वखरे ठेवावयाची जागा, सालगड्याची खोली आणि दारात एखादे लिंबाचे झाड. गावातल्या वाड्यात गोठा असे तो निराळा. त्याला जाडजूड दगडी भिंत, सागवानी खांब आणि वर माळवद. वाड्याच्या भिंतीतच धान्याचे बळद असे. वरून धान्य ओतावयाचे आणि खालच्या लहानशा तोंडातून लागेल तेवढे काढून घ्यावयाचे. कणगी तर आपल्यापैकी बहुतेकींनी शेणाने लिंपली असेल. आणि जमिनीतले पेव. पेव पाहिलेल्या बायका आता थोड्याच राहिल्या आहेत.

ही सर्व ठिकाणे का रिकामी झाली, ते कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे पाणी कालव्याने आपल्याकडे आले. पाणी आले तशी केळी आली, हळद वाढली, ऊस वाढला. त्याने घराघरात चार पैसे आले, मुले शिकली, हे आपण नाकारून चालणार नाही. पण ज्वारी कमी झाली. ज्वारी कमी झाली की कडबा कमी, आणि कडबा विकत घेऊन बैल सांभाळावयाचे तर ते परवडत नाही. तेवढ्यात ट्रॅक्टर दाराशी आला. दावणीला सहा बैल होते तेथे दोन राहिले, मग एकही नाही. मग त्या गोठ्यात खताची पोती, ठिबकच्या नळ्या, मोडकी मोटार असे काहीबाही साचू लागले. एखाद्या पावसाळ्यात माळवद गळू लागते आणि घरातली कर्ती माणसे म्हणतात, पाडून टाकू, स्लॅब घालू. आम्ही चैत्रात पाहून ठेवलेले दोन गोठे ज्येष्ठात फोटो काढावयास गेलो तोपर्यंत उतरविलेलेही होते. एका जागी तर विटांचा ढीग येऊन पडला होता.

आता फोटो काळेपांढरेच का, असे पुष्कळजणींनी विचारले. आजकाल मोबाईलमध्ये मोराच्या पिसाएवढे रंग येतात, मग हे जुने खूळ कशाला? खरे कारण प्रथम सांगते. रंगीत पानाचा छपाईखर्च आपल्या मंडळाला झेपणारा नाही. रंगीत फोटो साध्या शाईत छापला की नुसता काळा गोळा होतो, हे आपण मागच्या एका अंकात पाहिले आहे. म्हणून आधीपासूनच काळ्यापांढऱ्यात पाहून फोटो काढावेत असे ठरले.

पण काम करू लागल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. रंगीत फोटोत डोळा आधी रंगाकडे धावतो. गोठ्यासमोर कोणाची लाल बादली असेल, निळे ताडपत्र पसरले असेल, तर तेच दिसते आणि मागची भिंत दिसत नाही. रंग काढून टाकला की भिंत पुढे येते. शेणामातीने लिंपलेल्या भिंतीवर हाताचे अर्धगोल उमटलेले असतात, ते एकेक करून मोजता येतात. खांबावर वासराने अंग घासून घासून जी चकाकी आलेली असते ती दिसते. गव्हाणीच्या कडेला दावे घासून पडलेली खाच दिसते. गोवऱ्यांवर पाच बोटे दिसतात. भगिनींनो, गोठा बांधला पुरुषांनी, नाव लागले पुरुषांचे, पण तो वर्षानुवर्षे उभा ठेवला तो बायकांच्या हातांनी. शेण काढणे, सारवणे, लिंपणे, धार काढणे, गोवऱ्या थापणे हे सारे आपलेच काम. त्या कामाची खूण कोठल्याही सातबाऱ्यावर नाही. ती भिंतीवर आहे.

काळ्यापांढऱ्याला उणेपणाही आहे, तो लपवून ठेवीत नाही. आपल्या भागाचे भूषण म्हणजे लाल कंधारी बैल. आमच्या घरी त्यांची एक जोडी अद्याप आहे. मी दावणीवरच्या लाल्याचा फोटो छापून आणून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "ह्यो आपला लाल्या न्हाई माय. कुणाचं काळं बैल उभं केलंस?" त्यांचे काय चुकले? पोळ्याला भिंतीवर ओढलेली गेरूची पट्टी काळी दिसते आणि अंगणात वाळत घातलेली हळद राखाडी खड्यांसारखी दिसते. म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणचा एक रंगीत फोटोही काढून जपून ठेवला आहे. काळापांढरा छापण्यासाठी, रंगीत सासूबाईंसाठी.

टिकाऊपणाबद्दलही थोडे बोलते. आपल्या पेटीत दोन प्रकारचे जुने फोटो असतात. सासू-सासऱ्यांच्या वेळचा, मागे पडदा लावून काढलेला काळापांढरा फोटो अजून स्वच्छ असतो. आणि त्यानंतरच्या लग्नांतले पहिले रंगीत अल्बम मात्र तांबूस होऊन गेलेले असतात, शालूचा हिरवा रंग कोठे गेला ते समजत नाही. याचे कारण असे की, जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत खरोखरीची चांदी असते. कागदावर चांदीचा क्षार लावलेला असतो, त्यावर उजेड पडला आणि औषधात बुडविले की चांदीचे बारीक कण काळे होऊन राहतात. रंगीत फोटोत असतात ते रंग, आणि रंग उडतात, जसे लुगड्याचे उडतात. परंतु आपण आज मोबाईलवर काढून दुकानातून छापून आणतो त्या काळ्यापांढऱ्या फोटोत चांदी नाही, ती शाई किंवा रंगच असतो. तेव्हा काळापांढरा आहे म्हणून तो आपोआप शंभर वर्षे टिकेल अशा भरवशावर कोणी राहू नये. दोन प्रती करून दोन घरी ठेवणे हेच बरे.

"बायकांनी हे उद्योग कशाला?" असेही एका पारावरून आमच्या कानी आले. त्या पारावरच्या मंडळींसाठी दोन गोष्टी सांगते. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे शाळेतली पोरेही सांगतील. त्या राज्यात राजा दीनदयाळ म्हणून मोठे नामांकित फोटोग्राफर होऊन गेले. सहाव्या निजामाने त्यांना पदवी दिली. वेरूळची लेणी, राजवाडे, शिकारी, लष्कर यांचे त्यांनी काढलेले फोटो आजही पाहावयास मिळतात. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. भोवती उंच भिंती, पुरुषांना मज्जाव, आणि आतले काम एक इंग्रज बाई मदतनीस बायकांना घेऊन पाहत असे. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, आपण ज्या राज्याची प्रजा होतो त्याच राज्याच्या राजधानीत बायका कॅमेऱ्यामागे उभ्या होत्या.

दुसरे नाव होमाई व्यारावाला यांचे. जन्म १९१३ साली नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. वृत्तपत्रासाठी फोटो काढणाऱ्या आपल्या देशातील पहिल्या स्त्री म्हणून त्यांना मान आहे. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत पंडित नेहरूंपासून साऱ्यांचे फोटो काढीत, आणि ते सगळे काळेपांढरे. आरंभी त्यांचे फोटो त्यांच्या यजमानांच्या नावाने छापले जात. २०११ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले, तेव्हा त्यांचे वय ९७ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. यजमानांच्या नावाने छापण्याची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपल्या स्मरणिकेत प्रत्येक फोटोखाली तो काढणाऱ्या बाईचे नाव येणार आहे, आणि गोठा कोणाचा हे लिहिताना घरमालकाच्या नावाबरोबर तो सारवणाऱ्या बाईचे नावही, तिची संमती असल्यास, येणार आहे.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या माहेरचे आहे. माझे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळविलेले होते. मी तेव्हा सातवीत होते. लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या घरातली आजी गेली आणि गोठ्यातली जनावरे गेली. ती गोठ्याच्या ओसरीवर निजत असे, गाय व्यायला झाली होती म्हणून.

इतकी माणसे का गेली याचा पुढे जाणत्या लोकांनी शोध घेतला. आपले माळवद कसे असते ते सर्वांना ठाऊकच आहे. खांबावर तुळया, तुळयांवर लाकडाच्या लहान चिपा, त्यावर पाला आणि त्यावर माती. गळू नये म्हणून दरसाल मृगाच्या आधी वर पांढरी मातीचा आणखी एक थर द्यावयाचा. आजोबा-पणजोबांपासून असे थर चढत गेले की डोक्यावर दीड-दोन फूट माती होते. उन्हाळ्यात घर थंड राहते ते त्यामुळेच. पण भिंती गोट्यांच्या, मातीत बसविलेल्या, आतला दगड आतल्या बाजूस आणि बाहेरचा बाहेरच्या बाजूस, दोघांना बांधून धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच भिंती फाटल्या आणि माती खाली आली.

तेव्हा कोणी असे समजू नये की, मी जुनी माळवदे पाडू नका असे सांगावयास उभी आहे. जे पडावयास झाले असेल ते उतरवावे, आणि त्याच्याखाली पोराबाळांना निजवू नये. माझे म्हणणे वेगळे आहे. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. आम्हाला आधी पत्र्याची शेड मिळाली, मग ओळीने बांधलेल्या घरांतले एक घर मिळाले. आमच्या गावाचे फोटो त्या दिवसांत पुष्कळ निघाले. देशोदेशीचे लोक कॅमेरे घेऊन आले होते. पण ते सगळे फोटो पडल्यानंतरचे. दगडांच्या ढिगाचे. पडण्याआधीच्या आमच्या घराचा, गोठ्याचा एकही फोटो कोणाकडे नाही. माझ्या मुलीने मला विचारले, आई, तुझी आजी निजत होती तो गोठा कसा होता? मी कागदावर रेघा ओढून दाखविले. दार पूर्वेला होते हे मला नक्की आठवते. खांब चार होते की सहा, यावर माझे आणि माझ्या भावाचे आजही एकमत होत नाही.

परदेशातही असे काम झाले आहे. आपल्या मंडळातील एका भगिनीची मुलगी पुण्याला शिकते, तिने मोबाईलवर दाखविले. जर्मनीत बेर्न्ट आणि हिला बेकर असे नवरा-बायको होते. त्यांनी १९५९ पासून पुढे उभा जन्म एकच काम केले. त्यांच्या भागातील खाणी व कारखाने बंद पडू लागले होते. खाणीवरचे उंच सांगाडे, पाण्याच्या टाक्या, धान्याची कोठारे, जुनी लाकडी चौकटींची घरे यांचे ते फोटो काढीत गेले. सगळे काळेपांढरे, सगळे समोरून आणि ढगाळ दिवशी, म्हणजे सावली आडवी येऊ नये. मग एकासारखी एक घरे शेजारी शेजारी मांडून दाखवीत. तसे मांडल्यावर प्रत्येक घर वेगळे आहे हे कळते. आम्हीही तसे करून पाहिले. सहा गोठ्यांची दारे एका पानावर मांडली आहेत. सगळी सारखीच म्हणून हसू नका, नीट पाहा; एकाही चौकटीची नक्षी दुसरीसारखी नाही.

फक्त एक गोष्ट मला त्या जर्मन जोडप्याची पटली नाही. त्यांच्या फोटोत माणूस नसतो. घर तेवढे, जणू ते आपोआप उगवले आहे. आम्ही शक्य तेथे घरच्या बाईस दारात उभे केले. त्याने दाराची उंचीही कळते.

अमेरिकेत तर हे काम सरकारने केले. १९३३ साली तेथे मोठी मंदी होती, घरे बांधण्याचे नकाशे काढणारे लोक बेकार बसले होते. त्यांना जुन्या इमारतींची मापे घ्यावयास व फोटो काढावयास लावले. त्यांत शेतांवरची धान्याची कोठारे आणि तबेलेही आले. वॉशिंग्टनच्या मोठ्या ग्रंथालयात ते सारे ठेवलेले आहे आणि आपल्यालाही अर्धापुरात बसून मोबाईलवर फुकट पाहता येते. त्यांचे पाहून आम्ही मापे घेऊ लागलो. शिंपीणकाकूंचा टेप लहान पडला, तेव्हा दोरीला फुटाफुटावर गाठी मारून घेतल्या.

फोटो काढण्याच्या कामातले दोन-चार अनुभव सांगते, म्हणजे ज्यांना पुढे यावयाचे असेल त्यांना उपयोग होईल. भिंतीचा फोटो भर दुपारी काढू नये. ऊन समोरून पडले की भिंत सपाट दिसते. सकाळी ऊन भिंतीला तिरके लागते तेव्हा लिंपणाचा हात उठून दिसतो. पूर्वेची भिंत सकाळी, पश्चिमेची संध्याकाळी. गोठ्याच्या आत अंधार असतो. तेथे मोबाईलचा झगमगाट पाडला तर खांब पांढरे फटक आणि मागे काळोख, असे होते. त्यापेक्षा मोबाईल उखळावर किंवा पोत्यावर टेकवून स्थिर ठेवावा, दार पूर्ण उघडावे आणि माळवदातल्या झरोक्याचा उजेड खाली येईल त्या वेळेची वाट पाहावी. वाट पाहताना घरच्या म्हाताऱ्या बाईशी बोलावे. आम्हाला कळलेले निम्मे तेथेच कळले.

सर्वांत अवघड काम पेवाचे. वरून काढला तर फोटोत नुसते काळे वर्तुळ येते, चुलीवरच्या तव्यासारखे. एका गावी आम्हाला उघडे पेव मिळाले. तेथल्या आजोबांनी सांगितले की, पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील दोरीने खाली सोडावयाचा. तो विझला तर आतली हवा वाईट, माणूस उतरला तर गुदमरून मरेल. त्यांनी स्वतः कंदील आणला, पेटविला आणि दोरीने हळूहळू खाली सोडला. कंदील विझला नाही, आणि त्याच्या उजेडात पेवाच्या गोल भिंती वरपासून तळापर्यंत दिसल्या. तो फोटो मला सगळ्यांत आवडतो. तो मी काढलेला नाही, धाकट्या सोबतिणीने काढला आहे, म्हणून मोकळेपणी सांगते.

लोकांचे अनुभव तर काय सांगावेत. पुष्कळ घरी आम्हाला घरकुलवाल्या समजले. घरकुलासाठी जुन्या घराचा फोटो काढून नेतात, तशाच या आल्या. एका काकूंनी तर पडकी बाजू पुढे येईल अशी आम्हाला फिरवून उभे केले आणि "हे नीट येऊ द्या" म्हणून तीनदा सांगितले. आम्ही मंडळाच्या आहोत म्हटल्यावर त्यांचा हिरमोड झाला, पण चहा मात्र पाजला.

एका घरी, गाव सांगत नाही, फोटो काढावयास साफ नकार मिळाला. भावाभावांत वाटणीचा वाद आहे. फोटो उद्या कोर्टात जाईल, अशी थोरल्यांना शंका. ती गैर आहे असे मला वाटत नाही. आम्ही माघारी निघालो. पांदीपर्यंत आलो तेव्हा त्या घरची धाकटी सून मागून आली. हातात शेणाची पाटी होती, म्हणजे कोणी विचारले तर उकिरड्यावर चालले म्हणता येईल. म्हणाली, "वयनी, पुढून नका काढू. मागच्या भिंतीचा काढा. ती पांदीतून दिसते. कोनाच्या हिश्श्यात जाईल ते जाईल. तीस वर्षं मी लिंपली ती." आम्ही रस्त्यावर उभे राहूनच तो फोटो काढला. त्यात घर कोणाचे ते ओळखू येत नाही, भिंत आणि त्यावरचा हात तेवढा दिसतो. पण इतर फोटोंशेजारी ठेवल्यावर आमच्यातल्या एकीच्या लक्षात आले की, या भिंतीवरचे अर्धगोल उलट्या बाजूस वळलेले आहेत. ती बाई डावखोरी आहे. तिचे नाव आम्ही छापणार नाही. ती स्वतः पाहील तेव्हा तिला कळेल.

शेवटी आमच्या घरचे. आमचा गोठा या दिवाळीनंतर उतरवावयाचा ठरला आहे. माळवद दोन ठिकाणी वाकले आहे, बैलांसाठी पत्र्याची शेड होणार आहे, आणि त्या निर्णयाला माझीही संमती आहे. लाकडाचा व्यापारी येऊन टेप लावून गेला. जुन्या सागवानाला चांगली किंमत येते. तो घनफूट मोजीत होता तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून होत्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, त्याने लाकूड मोजले, आता मी सांगते ते लिही. मग त्यांनी गोठ्यात हात धरून नेावयास लावले आणि एकेका खांबाला हात लावून सांगितले. हे दोन खांब त्यांच्या सासऱ्यांनी किनवटच्या जंगलातून बैलगाडीने आणले. ही तुळई मागाहून बदलली, आधीची वाळवीने खाल्ली. या खुंट्याला त्यांच्या माहेरहून आंदण आलेली गाय बांधीत. या कोपऱ्यात थोरल्या दिरांचा जन्म झाला, कारण त्या रात्री घरात पाहुणे होते. मी वहीत लिहीत गेले आणि मुलीने एकेका खांबाचा फोटो काढला, सासूबाईंचा हात खांबावर असताना. असे १४ फोटो आहेत. त्यांतील दोनच स्मरणिकेत देता येतील. बाकीचे घरी येऊन पाहावेत.

आता कामाचे बोलते. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने गाव, घर, महिना व साल, फोटो काढणारीचे नाव आणि घरच्या बाईने सांगितलेली माहिती लिहिली आहे. शाईच्या पेनाने लिहिले की पुढे उमटते, म्हणून पेन्सिल. एक संच मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत राहील, दुसरा ज्या घरचा फोटो त्या घरी दिला जाईल. पोळ्याला गोठे सजतात, त्या दिवशी सकाळी लहान आणि दाभड येथे जावयाचे आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सात वाजता मंदिरासमोर यावे, गाठी मारलेली दोरी मी आणीन. आणि ज्यांच्या घरचा गोठा, आखाडा किंवा माळवद यंदा उतरणार असेल त्यांनी निदान आठ दिवस आधी आमच्यापैकी कोणाला तरी निरोप द्यावा. शक्य तर घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईस त्या दिवशी बाहेरगावी पाठवू नये.